वाट देणारा पूल

अण्णा इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला आले त्या आठवड्यात ऊन छान पडलं होतं. रात्री नऊ वाजले तरी उजेड ढळत नव्हता, त्यामुळे जेवण झाल्यावर आम्ही दोघं नदीकाठी, क्वेसाइडला जाऊन बसायचो. पहिल्या दिवशी मी त्यांना मोठ्या उत्साहाने एकेक पूल दाखवला. हिरवी भव्य कमान दाखवली, पलीकडचा पापणीसारखा उघडमीट करणारा मिलेनियम ब्रिज दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि चालत राहिले. थांबले ते सगळ्यांत बुटक्या, लाल-पांढऱ्या लोखंडी पुलापाशी. मी सांगितलं की हा फिरतो. मधल्या खांबावर अख्खाच्या अख्खा गरकन वळतो आणि नदीच्या दिशेने उभा राहतो, मग दोन्ही बाजूंनी जहाजांना वाट मोकळी. अण्णा पुलाकडे बघतच नव्हते. मधोमध उंचावर जी छोटी घुमटीची केबिन आहे तिच्याकडे बघत होते. "म्हणजे तेवढा वेळ रस्ता अडवायचा," ते म्हणाले. मी हो म्हटलं. "कुणासाठी?" मी म्हटलं, जहाजांसाठी. त्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "जहाज कुणाचं?"

अण्णांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, प्रवरेच्या कालव्यावर पाटकरी म्हणून गेली. चाक फिरवून फाट्याचं दार उचलायचं आणि ठरलेल्या पाळीप्रमाणे चारीला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. दार दिसलं की ते कुणासाठी उघडतं हा प्रश्न त्यांना आपोआप पडतो. मला मात्र इतकी वर्षं इथे राहून, या पुलावरून असंख्य वेळा पलीकडच्या काठावरच्या गेट्सहेडला जाऊन-येऊनही तो पडला नव्हता.

तो पडल्यावर मग सुटेना.

टाईन नदीवर शहराच्या मध्यभागी एकापाठोपाठ एक सात पूल आहेत, आणि त्यांतला पाण्याच्या सगळ्यांत जवळचा हाच. भरतीला त्याच्यावर उभं राहिलं की तपकिरी पाणी हाताशी आल्यासारखं वाटतं. ओहोटीला दोन्ही काठांचा काळा चिखल उघडा पडतो आणि त्याचा खारट, कुजका वास वर येतो. कठड्याच्या लोखंडाला हात लावला तर रंगाच्या जाड थरांखाली रिव्हेटांच्या टोप्या बोटांना लागतात. मागच्या हिरव्या कमानीवर किटीवेक नावाचे समुद्रपक्षी घरटी करतात. समुद्रापासून इतक्या आत, भर शहरात. उन्हाळाभर त्यांचा कलकलाट चालू असतो. आणि पश्चिमेला मान वर केली की हाय लेव्हल ब्रिज दिसतो, रॉबर्ट स्टीफन्सनचा, 1849 चा. वर आगगाडी, खाली रस्ता, असा दोन मजली. तो दाखवताना मी अण्णांना सांगितलं की बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणाऱ्या जी.आय.पी. रेल्वेचा सल्लागार इंजिनिअर हाच स्टीफन्सन होता, आणि ती लाइन प्रत्यक्ष टाकणारा जेम्स बर्कली त्याच्याच हाताखाली तयार झालेला. त्या पुलाकडे मग त्यांनी जरा आपुलकीने बघितलं.

पण फिरता पूल जिथे आहे ती जागा स्टीफन्सनच्याही आधीची, फार आधीची आहे. सम्राट हेड्रियनच्या काळात रोमनांनी टाईनवर पूल बांधला तो इथेच, आणि हेड्रियनच्या घराण्याच्या नावावरून त्याला पोन्स एलियस म्हणायचे. 1875 साली या पुलाच्या कामाच्या वेळी नदीच्या तळातून गाळ उपसताना एक रोमन वेदी वर आली, समुद्रदेव नेपच्यूनची. पुढे 1903 मध्ये तिची जोडीदार सापडली, ओशनस देवाची. दोन्ही सहाव्या लीजनच्या, म्हणजे रोमन फौजेच्या एका मोठ्या तुकडीच्या, सैनिकांनी वाहिलेल्या. आता त्या इथल्या ग्रेट नॉर्थ म्युझियममध्ये शेजारी-शेजारी उभ्या आहेत. एकीवर त्रिशूळ आणि डॉल्फिन, दुसरीवर नांगर, जहाजाचा. नदी ओलांडून उत्तरेकडे जाणाऱ्या त्या सैनिकांनी समुद्राच्या देवांना हात जोडले, कारण टाईन इथपर्यंत समुद्रच असते. भरती-ओहोटी शहराच्याही वर जाते. त्या दोन दगडांसमोर उभी राहिले की मला नेहमी वाटतं, नदीत पूल घालणं म्हणजे नदीची परवानगी काढण्यासारखं आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

रोमनांनंतर मध्ययुगात इथे दगडी पूल झाला. त्यावर दुकानं होती, घरं होती, माणसं राहात होती. 17 नोव्हेंबर 1771 च्या पहाटे टाईनला असा पूर आला की कॉर्ब्रिजचा सोडून नदीवरचे सगळे पूल गेले. न्यूकॅसलच्या पुलावरची घरं माणसांसकट वाहून गेली. एक लाकडी घर सबंधच्या सबंध तरंगत खाली जॅरोच्या चिखलवट्याला लागलं, आणि आत एक कुत्रा नि एक मांजर जिवंत होतं, असं अजून सांगतात. मग 1781 मध्ये नवा दगडी पूल तयार झाला, नऊ बुटक्या कमानींचा. पूल म्हणून त्यात वाईट काही नव्हतं. पण त्याच्या कमानींखालून समुद्रावरचं जहाज जाऊ शकत नव्हतं.

या एका गोष्टीवर हजारो माणसांची चूल पेटत होती. पुलाच्या वरच्या अंगाला कोळशाच्या खाणी, खालच्या अंगाला लंडनला जाणारी जहाजं, आणि मधे या कमानी. म्हणून कोळसा कील नावाच्या पसरट, बुटक्या होड्यांत भरायचा, कमानींखालून भरती-ओहोटीचा अंदाज घेत खाली न्यायचा आणि जहाजाच्या उंच काठावरून फावड्याने आत फेकायचा. हे काम करणारे ते कीलमेन. त्यांनी आपल्या मजुरीतून पैसे कापून देऊन 1701 मध्ये म्हाताऱ्या, आजारी कीलमेनसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी एक इमारत उभी केली; कीलमेन्स हॉस्पिटल. सिटी रोडवर ती अजून आहे, घड्याळाच्या छोट्या मनोऱ्यासकट. एखाद्या व्यवसायातल्या साध्या मजुरांनी स्वतःच्या पैशाने स्वतःच्या म्हातारपणाची सोय करावी आणि ती वास्तू तीनशे वर्षं टिकावी, याचं मला फार मोल वाटतं. तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही याचं वाईटही वाटतं. कोळसा थेट जहाजात ओतणारे उंच लाकडी धक्के झाले, तेव्हाच कीलमेनच्या पोटावर पाय आला होता. राहिलेल्यांचा आधार तो बुटका पूल होता. तो पाडला गेला, आणि त्या जागी फिरता पूल आला.

म्हणजे वाट उघडली ती कुणासाठी, याच्या आधी कुणाची बंद झाली हेही बघायला हवं.

फिरत्या पुलामागे जो माणूस होता तो शिक्षणाने वकील. विल्यम आर्मस्ट्राँग, जन्म 1810, याच गावचा. त्याला मासेमारीचा नाद होता. डेंटडेल नावाच्या खोऱ्यात गळ टाकून बसलेला असताना त्याचं लक्ष एका पाणचक्कीकडे गेलं. डोंगरावरून एवढं पाणी कोसळतंय आणि चाकाला त्यातला थोडाच जोर मिळतोय, बाकीचा वायाच, हे त्याच्या मनाला लागलं. मला हा प्रसंग आवडतो, कारण पाण्याचा वाया जाणारा जोर बघून हळहळणारी माणसं मी घरात पाहिली आहेत. आर्मस्ट्राँगने त्या हळहळीचं यंत्र केलं. 1846 मध्ये त्याने न्यूकॅसलच्या धक्क्यावर शहराच्या नळाच्या पाण्याच्या दाबावर चालणारी यारी उभी केली, आणि पुढच्याच वर्षी वकिली सोडून नदीच्या वरच्या अंगाला एल्स्विकला कारखाना काढला.

पण प्रत्येक बंदराला डोंगर कुठून आणायचा? त्यावरचा त्याचा उपाय म्हणजे ॲक्युम्युलेटर, आणि या पुलाचा जीव त्यातच आहे. एक मोठं उभं नळकांडं, त्यात दट्ट्या, आणि दट्ट्यावर प्रचंड वजन. पंप हळूहळू नळकांड्यात पाणी भरत जातो, तसतसं ते वजन वर चढतं. मग ते तसंच वर तोलून ठेवायचं. झडप उघडली की वजन खाली येऊ लागतं आणि पाण्याला जबरदस्त दाबाने नळीतून पुढे रेटतं. पुलाला जोर लागतो तो काही मिनिटंच, पण त्या मिनिटांत तो अफाट लागतो. लहान इंजिनाने सावकाश साठवायचं आणि हवं तेव्हा एकदम वापरायचं, अशी ही युक्ती. पुलाखाली, मधल्या खांबाच्या पोटात खोल कूपासारखी जागा करून ही सगळी व्यवस्था बसवलेली आहे. मधोमध एक दाबयंत्र खालून पुलाचा बराचसा भार उचलून धरतं, त्यामुळे खालच्या चाकांवर थोडाच भार उरतो, आणि 281 फूट लांबीचं, हजार टनांहून जड धूड अलगद वळतं. पूर्वी पंप वाफेवर चालत. 1959 पासून विजेवर. पण आतली यंत्रणा मुळातली तीच, आर्मस्ट्राँगच्या कारखान्यातली. हे मी अण्णांना कागदावर रेघोट्या मारून समजावलं तेव्हा मला धड वाक्यही पुरं करावं लागलं नाही. "धरणच की ते," म्हणाले, "उभं केलेलं."

रस्ता म्हणून पूल खुला झाला 15 जून 1876 रोजी. त्या वेळी एवढा मोठा फिरता पूल जगात दुसरा नव्हता. जहाजासाठी तो पहिल्यांदा फिरला महिनाभराने, 17 जुलैला, आणि ते जहाज कुणाचं होतं ते मला शोधल्यावर कळलं. इटलीच्या नौदलाचं युरोपा. ते एल्स्विकला चाललं होतं, आर्मस्ट्राँगच्या कारखान्यातून तोफ घ्यायला. दुइलिओ या युद्धनौकेसाठी बनवलेली शंभर टनी तोफ, एकट्या तोफेचं वजन शंभर टन. तिच्या बहिणी अजून माल्टात आणि जिब्राल्टरला बघायला मिळतात. क्रिमियाच्या युद्धात जड तोफा चिखलातून ओढताना सैनिकांचे झालेले हाल वाचून आर्मस्ट्राँग तोफांकडे वळला होता. 1859 मध्ये पेटंट सरकारला देऊन तो सर झाला, आणि पुढे त्याचा कारखाना ज्याला हव्या त्याला तोफा विकू लागला. अमेरिकेच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंना विकल्या.

जुना दगडी पूल असता तर हा धंदा एल्स्विकला वाढलाच नसता. नदीसुधारणा मंडळाने, म्हणजे टाईन इंप्रूव्हमेंट कमिशनने, नदी खोल केली, जुना पूल काढला, नवा फिरता पूल आर्मस्ट्राँगच्याच कंपनीकडून घेतला, आणि त्या पुलातून सर्वांत मोठी वाट मिळाली आर्मस्ट्राँगच्याच कारखान्याला. कोळशाच्या बोटींनाही मिळाली, हे खरं. पुलाच्या वरच्या अंगाला डन्स्टनचे लाकडी धक्के 1893 मध्ये झाले ते पूल फिरत होता म्हणूनच. हजारो घरांत पगार आला. एल्स्विकच्या उतारावर गल्ल्याच्या गल्ल्या वसल्या. मला यात एकच एक बाजू घेता येत नाही.

1884 मध्ये एल्स्विकला जहाजबांधणीचा यार्ड सुरू झाला आणि मग या पुलाच्या दोन तोंडांतून, प्रत्येकी साधारण 104 फुटांच्या, युद्धनौका बाहेर पडू लागल्या. त्यांतल्या चार मी अण्णांसाठी वहीत लिहून काढल्या. चीनची झियुआन 1886 मध्ये पाण्यात उतरली, जपानची योशिनो 1892 मध्ये. 17 सप्टेंबर 1894 रोजी यालू नदीच्या मुखाजवळ चीन आणि जपानची आरमारं भिडली. तोफांनी खिळखिळी झालेली झियुआन तिच्या कप्तानाने, देंग शिचांगने, शत्रूवर आदळायला पुढे काढली. समोर योशिनो होती, असं चीनमध्ये सांगतात. झियुआन वाटेतच बुडाली, कप्तानासह. एकाच कारखान्यातल्या, कदाचित एकाच हातांनी रिव्हेट मारलेल्या, याच पुलाने वाट दिलेल्या दोन नौका. पुढे जपानच्या याशिमा आणि हात्सुसे या दोन अजस्र नौका गेल्या. याशिमा पुलातून निघाली तेव्हा दोन्हीकडे जेमतेम पंधरा-पंधरा फूट जागा होती. धक्क्यावर माणसं श्वास रोखून उभी राहिली असतील. आणि 15 मे 1904 या एकाच दिवशी पोर्ट आर्थरच्या समुद्रात तिन्ही गेल्या. पहाटेच्या धुक्यात आपल्याच ताफ्यातल्या नौकेची धडक बसून योशिनो, आणि रशियन सुरुंगांवर जाऊन हात्सुसे आणि याशिमा.

एल्स्विकच्या सेंट जॉन्स स्मशानभूमीत चिनी खलाशांच्या पाच कबरी आहेत. नौका ताब्यात घ्यायला आले आणि इथेच आजारी पडून गेले. त्यांतल्या काहींचं साल 1887 आहे, म्हणजे झियुआन न्यायला आलेल्यांपैकी. दगडांवर चिनी अक्षरं कोरलेली आहेत. आम्ही गेलो तेव्हा गवत नुकतंच कापलेलं होतं आणि त्याचा हिरवा वास सगळीकडे होता. अण्णांनी चपला काढल्या. कबरीशी चपला काढायची रीत इथे नाही, पण मी काही बोलले नाही.

तिथून चढ उतरताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. एका दुष्काळी साली आवर्तन फार उशिरा सुटलं होतं. पाळी होती वरच्या अंगाच्या एका बड्या बागाईतदाराची. त्याचा ऊस तसाही तगला असता. खाली टेलला एका बाईचं अर्धा एकर कडवळ जळत होतं, दोन जनावरं होती तिची. रात्री ती कंदील घेऊन फाट्यावर आली. काही मागितलं नाही, नुसती बसून राहिली. अण्णांनी दार यादीप्रमाणेच उघडलं. "माझ्या हातात चाक होतं," ते म्हणाले, "यादी नव्हती." हे सांगताना त्यांच्या आवाजात बचाव नव्हता. पहिल्या संध्याकाळी ते केबिनकडे इतका वेळ का बघत होते ते मला तेव्हा उमगलं. तिथे बसणाऱ्याला भोंगा ऐकू आला की रस्ता थांबवायचा, झडप उघडायची, पूल वळवायचा. कोळसा असो, तोफ असो. 1924 या एका वर्षात पूल सहा हजार वेळा फिरला, म्हणजे रात्रंदिवस धरून दिवसाला सोळाच्या वर. एवढ्या वेळा कुणीतरी तो दांडा ओढला, आणि त्यांतल्या एकाचंही नाव मला माहीत नाही. आर्मस्ट्राँगचा पुतळा आहे.

त्याच काळात पुलाची गोष्ट उलटीही फिरली. युद्धनौका इतक्या रुंद होत गेल्या की एकेकाळी वाट देणारा पूलच अडसर झाला. 1913 मध्ये आर्मस्ट्राँगच्या कंपनीने खाली, पुलाच्या समुद्राकडच्या अंगाला, हाय वॉकरला नवा यार्ड काढला. एल्स्विकचा यार्ड पहिल्या महायुद्धानंतर संपला. मग कोळसा कमी झाला, बोटी कमी झाल्या, डन्स्टनचे धक्के 1980 मध्ये थांबले. पूल अधूनमधून, नियमाने तेल-पाणी करून, एखाद्या बोटीसाठी फिरत राहिला. नोव्हेंबर 2019 मध्ये फिरला, आणि नंतर यंत्रणेतल्या बिघाडामुळे बंद राहिला.

तेव्हापासून तो 1781 च्या दगडी पुलाचंच काम करतो आहे. वरून माणसं आणि गाड्या जातात, खालून उंच डोलकाठीची बोट जाऊ शकत नाही. तसं त्यावाचून कुणाचं अडलेलं नाही, आणि दुरुस्तीला पैसा फार लागणार, हे मलाही कळतं. तरी तो पुन्हा फिरावा असं मला मनापासून वाटतं. त्याची यंत्रणा काचेआड ठेवून भागणार नाही. पाणी दाबलं जाताना होणारा आवाज, खालची चाकं भार घेतात तेव्हा पायांना जाणवणारी थरथर, रस्त्याची कड नदीवर सुटी होऊन सरकू लागते तो क्षण, हे सगळं ज्यांनी अनुभवलंय त्यांच्याकडून मी फक्त ऐकलं आहे. आजवर तो ज्यांच्यासाठी फिरला त्यांत भाडं भरणारे होते, तोफा नेणारे होते, आरमारं होती. आता वरच्या अंगाला कारखाना नाही, खाण नाही, यार्ड नाही. पहिल्यांदाच असं झालंय की या पुलाने वाट दिली तर कुणाचं काही बिघडणार नाही. एखाद्या शाळेच्या पोरांची शिडाची होडी डन्स्टनपर्यंत जाणार असेल आणि तिची डोलकाठी उंच असेल, तर तेवढ्यासाठीही दहा मिनिटं रस्ता अडवावा. मी गेट्सहेडच्या बाजूला आनंदाने थांबेन.